“ताई, माझं समर्पण खोटं होतं का?”

जून-जुलै आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मे महिन्यात ख्रिस्ती तरुणांची शिबिरं होतात. शेवटच्या रात्री आवाहन होतं, मुलं डोळे पुसत पुढे येतात आणि प्रभूला जीवन देतात. पाऊस सुरू होतो न होतो तोच कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसतं. शिबिरातला जोर ओसरलेला असतो आणि मनाला एकच गोष्ट खात असते: मी देवाला फसवलं. नाशिकमध्ये बावीस वर्षं समुपदेशन करते आहे. माणसं बदलतात, प्रश्न तोच. म्हणून एका मुलाची हकिकत सांगते, त्याच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून.

वय सत्तावीस, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी, गावाकडे द्राक्षबाग. पहिल्याच भेटीत त्यानं एक दोनशे पानी वही टेबलावर ठेवली. डावीकडे तारीख, पुढे लाल पेनानं चूक. ‘सकाळची प्रार्थना राहिली.’ ‘उपवास दुपारी मोडला.’ ‘तरुण संघाला गेलो नाही.’ ‘बायबलचं वचन वाचताना मन भरकटलं.’

“समर्पणासाठी नऊ वेळा हात वर केलाय, ताई. दर मे महिन्यात. देव तरी किती वेळा ऐकून घेईल?”

“ही वही कुणाला दाखवायला लिहितोस?”

बराच वेळ तो खिडकीकडे बघत राहिला. “दादा रोज रात्री हिशेब घ्यायचे. दिवसभरात काय राहिलं त्याचा. केलं ते कधी विचारलं नाही.” वडिलांना तो दादा म्हणायचा. ते गेले त्याच वर्षी वही सुरू झाली होती.

माणूस देवाचं चित्र रंगवतो तेव्हा रंग घरातूनच उचलतो, हे माझं मत वर्षागणिक पक्कं होत आलं आहे. ज्याच्या बापानं फक्त उणं मोजलं, त्याला स्वर्गातला पिताही लाल पेन घेऊन बसलेला दिसतो. अशा मुलाला ‘विश्वास ठेव, आज्ञा पाळ’ एवढंच सांगणं म्हणजे त्याच्या वहीत आणखी एक ओळ घालणं. आपण मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, मोठी माणसं हे फार सहज करतो.

पुढच्या भेटीत मी त्याला पेन्सिल दिली. “यातलं देवानं सांगितलेलं कोणतं आणि माणसांनी ठरवलेलं कोणतं? खुणा कर.” तो घाबरला. माणसांनी ठरवलेलं वेगळं काढणं हेच त्याला बंड वाटलं. मी त्याला पंडिता रमाबाईंची आठवण दिली. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे तिथल्याच धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आले ती दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच बाईंनी दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींना गोळा करून केडगावला मुक्ती सदन उभं केलं, आणि मूळ भाषांतून मराठीत बायबल आणण्याचं काम 1922 साली मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत सोडलं नाही. आज्ञाधारक नव्हत्या असं कोण म्हणेल?

त्यानं खुणा केल्या. निम्म्याहून जास्त ओळी माणसांच्या निघाल्या.

पण खरी गाठ सुटली ती सप्टेंबरात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातला दोन मुलांचा दृष्टांत मी मोठ्यानं वाचला. बाप मुलाला म्हणतो, ‘मुला, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर.’ एक ‘नाही’ म्हणतो, मग पस्तावून जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. मला त्याच्याशी ‘मुला’ या शब्दावर बोलायचं होतं. होकार-नकार येण्याआधीच बापानं त्याला मुलगा म्हटलेलं आहे, कामाला गेला म्हणून मुलगा ठरला असं नाही. हा शब्द हाती लागल्यापासून माझं सगळं काम त्याच्याभोवती फिरतं.

तो मात्र पुढच्या एका शब्दावर अडकला होता. “द्राक्षमळ्यात,” तो पुटपुटला. मग चेहरा हातांत लपवून रडला.

बागेच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी तीन वर्षं अबोला होता. दर ऑक्टोबरात छाटणीला येतो म्हणून आईला फोनवर सांगायचा आणि त्या आठवड्यात जादा पाळी घ्यायचा. दोनशे पानांत हे एकदाही लिहिलेलं नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी त्याला हाक येत होती, ती टाळायला बाकी सगळ्या ओळी कामी येत होत्या.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड मिटून बसावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

जरा वेळानं मी विचारलं, “घड धरतो कधी?” “दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर. पण ठरतो एप्रिल छाटणीच्या काडीत, मे-जूनमध्येच. तेव्हा बाहेरून काही कळत नाही.” बोलता बोलता तो थांबला. “म्हणजे मे महिन्यातलं माझं...”

“खोटं नव्हतं. पण ऑक्टोबरात कात्री लागते.”

असाच प्रश्न घेऊन बसलेल्यांना एवढंच सांगेन. आयुष्यभराचं समर्पण आज पेलवत नाही, आणि मागितलंय ते आजचं. रात्री चुकांची यादी करण्यापेक्षा सकाळी एक विचारा: कोणत्या माणसाकडे, कोणत्या कामाकडे जायचं मी टाळतोय? नेत्याच्या मर्जीला देवाची आज्ञा समजू नका. मंडळीतलं काम नाकारलं म्हणून कुणी शापाची भीती घालत असेल तर तिथून सरळ उठा. आणि पापाच्या विचारानं झोप उडत असेल, एकच प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा म्हणावी लागत असेल, तर तो अविश्वास नव्हे, आजार असू शकतो. अशांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. औषधानं बरं वाटलेली माणसं मग प्रार्थनेतही शांत बसलेली पाहिली आहेत.

दिवाळीनंतर तो आला. तळहाताला कात्रीचे फोड. वाटणीचं अजून काही मिटलं नव्हतं. भाऊ पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलला होता, “त्या ओळीपासून धर.” दोघांनी चार दिवस बाग छाटली.

“आणि वही?”

“गावीच राहिली, ताई. मजुरांची हजेरी मांडायला भावाला कागद हवा होता.”