नॉर्थ कॅरोलायनात घरामागच्या कुंपणावर हमिंगबर्ड आणि फुलपाखरं येतील अशी इथलीच कोणती वेल लावावी?

तुम्ही विचारलंय की वेल कोणती, फुलं कधी येतील, आणि जमीन कमी असल्यामुळे कुंडीत जमेल का. पहिल्याचं उत्तर एका ओळीत देते: कोरल हनीसकल, शास्त्रीय नाव लोनिसेरा सेम्परव्हिरेन्स. दुसरी वेल बघायची गरज नाही. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही "शक्यतो सुवासिक असावी" असं लिहिलंय ना, ते वाचून मी हे सगळं लिहायला बसले.

२०१५ साली आम्ही इथल्याच कॅरी गावात घर घेतलं. माझ्या मोठ्या जाऊबाई इथून वीस मिनिटांवर राहतात. त्यांच्या कुंपणावर पांढऱ्या-पिवळ्या फुलांची हनीसकल होती. संध्याकाळी त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं की मला थेट साताऱ्याच्या घरची जुई आठवायची. वास्तुशांतीला येताना त्या त्याच वेलीच्या मुळं फुटलेल्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. मी हौसेनं लावल्या. त्याच कोपऱ्यात लेकीच्या जन्माची आठवण म्हणून रेडबडचं रोप लावलेलं होतं. रेडबड म्हणजे आपल्या कांचनाचं दूरचं भावंड. मार्चमध्ये पान फुटायच्या आधीच उघड्या फांद्यांवर गुलाबी फुलं लगडतात.

२०१८ च्या मार्चमध्ये ते फुललंच नाही. मी हात घालून वेलीची पानं बाजूला केली. करंगळीएवढी जाड वेल खोडाला पिळा घालत वर गेली होती आणि जिथे आवळली होती तिथे खोडात बोट बसेल एवढी खाच पडली होती. जुन्या विहिरीच्या काठावर दोराने दगड कापलेला असतो ना, तशी. मी त्याच दिवशी वेल कापून काढली, पण झाड वाचलं नाही. वेल मात्र दोन वर्षं पुरून उरली. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून तिने मूळ धरलेलं होतं.

ती जपानी हनीसकल, लोनिसेरा जॅपोनिका. १८०६ च्या सुमारास बागेची शोभा म्हणून अमेरिकेत आणली गेली. तिची काळी फळं पक्ष्यांनी रानोमाळ पेरली आणि आज पूर्वेकडच्या जंगलांत ती कोवळी झाडं गुदमरवत पसरली आहे. नर्सरीत नुसतं "हनीसकल" लिहिलेलं रोप दिसलं तर हात लावू नका, शास्त्रीय नाव वाचून मगच घ्या. कुणी प्रेमानं फांदी आणून दिली तरी लावू नका. नातं सांभाळायचं असेल तर घ्या, आणि घरी येऊन पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

जाऊबाईंचं म्हणणं, "अगं, तुझं झाडच नाजूक असेल, वेलीला कशाला बोल लावतेस?" मग मी त्याच जागी कोरल हनीसकल लावली तेव्हा म्हणाल्या, "वास नाही ते कसलं गं फूल? देवाला तरी काय वाहणार?" दर गणपतीत, चारचौघांत, हा विषय निघतो. मोठ्या आहेत म्हणून मी गप्प बसते. पण उत्तर आहे माझ्याकडे.

कोरल हनीसकलला वास नाही, कारण तिला त्याची गरजच नाही. हमिंगबर्ड फूल शोधतो ते डोळ्यांनी, वासावर नाही. लाल रंग मधमाशीला नीटसा दिसत नाही, पक्ष्याला लांबून दिसतो. साधारण ५ सेंटीमीटर लांबीची नळी, बाहेरून लाल, आत पिवळी, मध अगदी तळाशी. बसायला पाकळी नाही, कारण येणारा बसणारच नाही. आपल्याकडचा शिंजीर (पुण्यात अनेकजण त्यालाच हमिंगबर्ड म्हणतात, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आहेत) बहुधा फांदीला धरून चोच घालतो. हमिंगबर्ड हवेत उभा राहून पितो. जपानी हनीसकलचा तो संध्याकाळचा वास आहे रात्रीच्या पतंगांसाठी. आपल्याला जुई आठवते हा आपला प्रश्न.

लॉकडाउनच्या एप्रिलमध्ये, सकाळी नऊच्या सुमारास, मी चहाचा कप घेऊन वेलीपाशी उभी होते. आधी आवाज आला, लांबच्या पंख्यासारखा. मग हातभर अंतरावर ती आली. मादी होती, गळा पांढरा. एकाच झुबक्यातल्या चार फुलांत ओळीने चोच घातली आणि मागे सरकली तेव्हा चोचीच्या वर, कपाळावर, परागांची पिवळी पूड दिसली. जेमतेम ३ ग्रॅमचा जीव. यांच्यातले कित्येक वसंतात मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडून येतात, सुमारे ८०० किलोमीटर. चहा गार झाला, मी हलले नाही. लेक दारातून कुजबुजत होती, "आई, गेली का?"

आता लागवड. दिवसाला ६ तास ऊन हवंच. सावलीत फुलं कमी आणि पानांवर भुरी (पांढरी बुरशी) जास्त. आमची लाल चिकण माती तिला चालते, फक्त पाणी साचायला नको. पहिल्या वर्षी दोन-चार झुबके, दुसऱ्या वर्षापासून एप्रिलमध्ये भरगच्च, मग थंडीपर्यंत थोडी थोडी. हिवाळ्यात कात्री लावू नका. पहिला बहर मुख्यतः जुन्या फांद्यांवर येतो, तेव्हा छाटणी तो ओसरल्यावर. कोवळ्या कळ्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडतो. पाण्याचा जोराचा फवारा मारा, औषध अजिबात नको. हमिंगबर्ड पिल्लांना बारीक किडे आणि कोळी भरवतो. शिवाय पानांवर शेपटीला शिंग असलेली हिरवी अळी दिसली तर मारू नका. तिचाच पुढे पारदर्शक पंखांचा पतंग होतो, स्नोबेरी क्लिअरविंग, दिवसा उडतो आणि फुलापुढे हमिंगबर्डसारखाच तरंगतो. कोष जमिनीवरच्या पाल्यात करतो, म्हणून वेलीखालचा पाला झाडू नका.

तुम्ही फुलपाखरांचंही विचारलंय. खरं सांगते, या नळीत फारशी येत नाहीत. मधमाश्या पराग नेतात, आणि भुंगे कधी नळीला बुडाशी चीर पाडून मध चोरतात. फुलपाखरांसाठी वेगळी झाडं लावावी लागतील.

एक कबूल करायला हवं. जाऊबाई म्हणतात की त्यांच्या जपानी वेलीवरही हमिंगबर्ड येतात, आणि ते खरं आहे. मी पाहिलेत. पण त्या वेलीचं बी दुसऱ्यांच्या रानात जातं, माझा वाद तेवढाच आहे. आणि हो, कोरल हनीसकलची लाल फळं पक्ष्यांसाठी, माणसांसाठी नाहीत. लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.

घेताना ओळख अशी: फुलांच्या लगेच खालची पानांची जोडी एकमेकांना चिकटून द्रोणासारखी झालेली असते आणि देठ त्या द्रोणातून आरपार जातो. जपानी वेलीत पानं सुटी असतात.

कुंडीचं राहिलंच. मोठ्या कुंडीत जगते, पण तुम्हाला कुंपण आहे तर तिथेच हातभर जागा काढून जमिनीत लावा. कुंडीत मोगरा ठेवा, थंडीत घरात घ्या. वास त्याचा येऊ द्या. आमच्या देवाला मी तोच वाहते.