शैवालाने कीटकनाशकाचं विघटन केलं हे मोजायचं कसं? पाण्यातलं प्रमाण घटलं एवढं पुरे का?

नाही, पुरे नाही. पाण्यातून औषध गेलं म्हणजे ते संपलं असं होत नाही. ते कुठं गेलं हे आधी दाखवा, मग विघटनाचं बोला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. आमच्याकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी झाली की पंप नाल्यावर धुतात आणि खाली त्याच नाल्यावर बैलं पाणी पितात. २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात माणसं दगावली. त्यामुळे या विषयात कुणी सैल दावा केला की मला खपत नाही.

एमएस्सीला आम्ही क्लोरेला हे एकपेशीय हिरवं शैवाल वाढवून त्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक टाकलं होतं. काही दिवसांनी पाणी गाळून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, औषध ओळखून मोजणारं यंत्र) चालवलं, तर औषध जवळपास गायब. गाइड खूश. 'विघटन झालं' असं लिहायला सांगितलं. मी म्हटलं, सर, गाळणकागदावरचा हिरवा गाळही तपासू. म्हणाले, त्यात काय असणार, फेकून दे. मी फेकला नाही. अॅसिटोनने काढून हेक्झेनमध्ये घेतला, तर वरचा थर गर्द हिरवा झाला. तो रंग गाळणीच्या कॉलमवर अडवून नमुना जीसीवर चालवला आणि आलेखावर क्लोरपायरीफॉसचा उंचवटा नेमका त्याच्या वेळेला उभा राहिला. बहुतेक औषध शैवालाने नुसतं शोषून धरलं होतं. हे औषध पाण्यात फारसं विरघळत नाही, पेशीतल्या स्निग्ध भागात जाऊन बसतं. शैवाल मेलं, किंवा मासोळीने खाल्लं, की विष पुन्हा फिरायला मोकळं. तरी तो आलेख प्रबंधात घेऊ दिला नाही. ते मला आजही सलतं.

म्हणून जिवंत शैवालाच्या बाटलीसोबत मारलेल्या शैवालाची एक आणि शैवालाविना नुसत्या माध्यमाची (शैवाल वाढवायच्या पाण्याची) एक ठेवाच, त्याच उजेडात. एक जिवंत बाटली अंधारात. बाटल्या काचेच्याच घ्या, प्लास्टिकला औषध चिकटतं. शेवटी पाणी, पेशी आणि बाटलीची आतली बाजू, तिन्हींतून औषध काढून बेरीज करा. टाकलेल्या मात्रेत जी तूट येईल तीच विघटनाच्या खात्यावर, आणि तीही क्लोरपायरीफॉस फुटल्यावर उरणारा ट्रायक्लोरोपिरिडिनॉल हा तुकडा सापडला तरच. बाटलीत हवा सोडत असाल तर काही औषध उडूनही जातं. सामू (pH) रोज बघा: उजेडात शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढतं, पाणी अल्कधर्मी होतं, आणि अशा पाण्यात क्लोरपायरीफॉस आपोआपही फुटतं. त्याचं श्रेय पेशीतल्या विकरांना (एन्झाइमना) देऊ नका. शैवालाविना असलेली एक बाटली तेवढ्याच सामूला आणून ठेवली की फरक कळतो.

हो, मारलेलं शैवाल कधी जिवंतापेक्षा जास्त शोषतं, त्यामुळे जिवंत बाटलीच्या आकड्यातून मेलेल्या बाटलीचा आकडा सरळ वजा करू नका. शेततळ्यात जिवाणूही सोबत काम करतात, तिथले आकडे बाटलीशी जुळणार नाहीत. आणि शैवाल निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. शोषलेलं शैवाल वेळेवर उपसून काढलं तर पाणी साफ होतंच, पण मग त्याला शोषण म्हणा.

गाइड 'एवढं कशाला' म्हणाले तरी गाळ गोठवून ठेवा आणि पेशींतल्या औषधाचा तक्ता प्रबंधात वेगळा द्या. तो तक्ता नसेल तर ९० टक्के विघटनाचा दावा मी मानत नाही, कुणाचाही असो.