पहिलं कॅल्क्युलेटर मशीन फ्रेंच गणितज्ञ पास्कलनेच बनवलं का?
नाही, त्याच्या आधी १६२३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म शिकार्डने बनवलं होतं, खगोलशास्त्रज्ञ केप्लरला लिहिलेल्या पत्रांमुळे ते कळलं, आणि केप्लरसाठी बनत असलेलं मशीन आगीत जळालं, वाचून खरंच वाईट वाटतं. पास्कलने १६४२ ला सुरुवात केली, वडील फ्रान्समधल्या रूआं शहरात टॅक्सचं काम बघायचे, त्यांची आकडेमोड कमी व्हावी म्हणून.

खरी अवघड गोष्ट म्हणजे हातचा. ९९९९ मध्ये १ मिळवला की सगळी चाकं (एकक, दशक अशा प्रत्येक स्थानाचं एक) फिरायला पाहिजेत आणि त्याला जोर लागतो, तर पास्कलने प्रत्येक चाकाला छोटं वजन दिलं, चाक फिरताना ते हळूहळू वर उचललं जातं आणि ९ वरून ० वर जाताना खाली पडून शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलतं. मला हीच आयडिया सगळ्यात भारी वाटते.