रिटायर झाल्या झाल्या रोमिओ होणाऱ्यांसाठी

नाना, तुम्ही ग्रुपात नवीन आहात म्हणून सांगतो, राग मानू नका. रिटायर झालं की पहिली हुक्की केस काळे करायची येते, पण डाय लावायच्या 48 तास आधी कानामागे थोडासा लावून बघा, ॲलर्जी आली तर थोबाड असं सुजतं की पोरी सोडा, बायकोपण ओळखत नाही. आणि केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे पंधरवड्यात मुळाशी पांढरी बॉर्डर दिसतेच. पोट आत ओढून उभं राहायचं असेल तर बोलायला जाऊ नका, श्वास सोडावाच लागतो.

आता मेन गोष्ट. एखादी पोरगी हसून बोलली म्हणजे लाईन देतेय असं नाही हो, चांगल्या घरची आहे, वडीलधाऱ्यांशी बोलतात तसं बोलली. "काका" म्हणाली की विषय संपला, "आजोबा" म्हणाली तर गुपचूप घरी जा. तिने हेडफोन कानात घातला की आपण निघायचं, "अगं ऐक ना" करत मागे मागे जायचं नाही, तिथं गंमत संपते आणि तक्रार सुरू होते. आणि गुड मॉर्निंगचे गुलाब पर्सनलवर तर अजिबात नको, चष्मा नसला की ते हमखास सुनेलाच जातात.