सातव्या पेरावरची बाई

गेली काही वर्षं माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत एक काळजी पुन्हा पुन्हा ऐकू येते. कधी सून बोलते, कधी लेक, कधी बाळाचा बाबा. शब्द वेगळे, मुद्दा तोच. "घरात सासूबाई आहेत, तरी बाळंतपणाला बाहेरची बाई लागली. म्हणजे मीच कमी पडते ना?" ही बाहेरची बाई म्हणजे डूला. बाळ झाल्यावर काही आठवडे घरी येऊन आईला, आणि तिच्याबरोबर सगळ्या घराला, सावरून धरणारी. या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर मला एका सासूबाईंकडून मिळालं. आजही आठवलं की भरून येतं. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत, आणि चार महिन्यांच्या भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

त्यांची सून मुलुंडची. वय एकतीस, सिझेरियन, पहिली मुलगी. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे माहेरी साताऱ्याला जाणं झालं नाही. सासूबाई रत्नागिरीकडच्या गावाहून आल्या. नवऱ्याचं ऑफिस बीकेसीत, त्याला जेमतेम आठवडाभर रजा मिळाली. आईला मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बाबाला, तो केंद्र सरकारच्या नोकरीत असला तर, १५ दिवस. खासगी नोकरीत कायदा तेवढंही बंधन घालत नाही, आणि हे मला दर वेळी खटकतं. तर मैत्रिणींनी वर्गणी काढून हिला डूला भेट दिली होती. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहा ते एक.

तिला माझ्याकडे पाठवलं तेही त्या डूलाताईंनीच. "बाळ झोपतं तेव्हाही तुला झोप लागत नाही, हे मी रोज बघतेय. हे माझ्या हातातलं नाही, तू कुणाशी तरी बोल," असं त्यांनी तिला सांगितलं. आपली हद्द ओळखणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

पहिली भेट व्हिडिओ कॉलवर झाली. फोन उशीला टेकवलेला, बाळ मांडीवर.

"ताई असतात तोवर सगळं नीट चालतं. एक वाजता त्या गेल्या की मी परत शून्य."

"त्या करतात काय?"

"तसं काही नाही." मग जरा थांबून म्हणाली, "बाळाला पाजायला बसले की पाण्याची बाटली समोरच्या टेबलावर राहते. टाके दुखतात, उठवत नाही. आईंना किती वेळा हाक मारायची? त्या आधीच ओट्यापाशी उभ्या असतात. मग मी पाणीच पीत नव्हते. ताईंनी पहिल्या दिवशी बाळाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, तू पाजायला कुठे बसतेस ते दाखव. तिथे एक स्टूल ओढलं. त्यावर बाटली, डिंकाचा लाडू, चार्जर, एक रुमाल."

"मग?"

"मग मी रडले. स्टुलासाठी कोण रडतं, मॅडम?"

"तू स्टुलासाठी नाही रडलीस. अंगावर पाजणारीला तहान लागते हे कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून रडलीस."

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. सुटं, एकटं बाळ असं काही नसतंच, बाळाबरोबर त्याला धरणारं कुणीतरी असतंच, असं ते मांडत. माझी सगळी शिदोरी तिथली. पण इतक्या वर्षांच्या कामातून मला त्याची दुसरी बाजू जास्त दिसत गेली. धरणारीलाही कुणी धरावं लागतं. आपल्या घरांत बाळ सहा हातांतून फिरतं, आणि बाळंतीण मात्र बाटलीकडे बघत बसते.

दुसऱ्या भेटीत खरी ठसठस बाहेर आली. डूला यायच्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून हलत नसत. भांडी मोठ्याने वाजत. बहिणीला फोनवर म्हणाल्या होत्या, "आमच्या हातांनी वाढली ती पोरं काय मेली?" तेव्हापासून हिच्या मनाने घेतलं होतं की डूला आणून आपण आईंचा अपमान केला, आणि तरीही आपल्याला काही जमत नाहीच. मी तिच्याकडून बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणारी नेहमीची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. एडिंबरा या नावाने ती ओळखली जाते, १९८७ पासून जगभर वापरात आहे. गुण काळजी वाटावी इतके होते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. औषधाची गरज त्यांना वाटली नाही. भेटी चालू ठेवायच्या ठरल्या.

तिसऱ्या वेळी ती दादरला आली. बाळ दोन महिन्यांचं, त्यामुळे धरायला सासूबाई बरोबर. त्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. पंधरा मिनिटांत बाळाने भुकेने टाहो फोडला आणि दोघी आत आल्या. ती पाजायला बसली. सासूबाई लगेच उठून निघाल्या. मी म्हटलं, "काकू, बसा ना. तुमचं पहिलं बाळंतपण कुठे झालं?"

"माहेरी. राजापूरकडे."

"कोणी केलं?"

"कोणी म्हणजे? आईनं."

"एकट्या आईनं?"

एवढं साधं कसं ठाऊक नाही, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने पेरं मोजायला लागल्या. "आई तर होतीच. न्हाऊमाखू घालायला सुईण, सव्वा महिना रोज सकाळी. न्हाणीत पाणी तापवायला धाकटी बहीण. वहिनीकडे माझं जेवण, अळीव, पथ्यपाणी. लंगोट-दुपटी धुवायला खालच्या वाडीतली एक बाई. आजी बाळाला पायांवर घेऊन बसायची. आणि शेजारची काकी."

"काकी काय करायच्या?"

"ती? काही नाही. दुपारची जेवणं झाली की यायची. बाजेशी बसून सुपारी कातरायची. मी रडायची. ती म्हणायची, रड गो बाय, रड. आणि कातरत राहायची. नुसती बसायची, बस."

अंगठा सातव्या पेरावर थांबला. त्या हाताकडे बघत राहिल्या.

"सात जणी," त्या म्हणाल्या. "आणि इथं मी एकटी."

सुनेने मान वर केली. मला बरंच काही सुचत होतं, पण मी गप्प राहिले. माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य तेच आहे, आणि त्या दिवशी ते मला साधलं याचं समाधान आहे. खोलीत फक्त बाळाच्या घोटांचा आवाज येत होता.

"रात्री मला पण झोप नाही गो," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "तुला वाटतं मला सगळं जमतं. त्रेसष्ट वय झालं माझं. नाही जमत."

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठं बोललीस, तहान लागते म्हणून?"

दोघी एकदमच रडल्या आणि बाळ पीत राहिलं.

तोवर मी हा सासू-सुनेचा ताण समजत होते. सुनेचं स्वातंत्र्य एका बाजूला, सासूबाईंचा मान दुसऱ्या बाजूला. पण सात जणींचं काम दोघी ओढत होत्या, आणि जे उरत होतं ते प्रत्येकीला स्वतःचं अपयश वाटत होतं. आणि त्या सातांत बघा, सुईण परकी, कपडे धुणारी परकी, काकी तर सख्खी शेजारीण. बाहेरची बाई आपल्या बाळंतपणात कायमच होती. आपण फ्लॅटचं दार लावलं आणि तिला बाहेर ठेवलं.

डूला हा शब्द ग्रीक, सेवा करणारी बाई असा त्याचा अर्थ. १९७०च्या दशकात डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्तनपानाविषयी लिहिताना तो नव्या आईला आधार देणारीसाठी वापरला. राजापुरात मात्र तिचं काम आधीपासून चालू होतं, सुपारी कातरत.

म्हणून डूला ठेवण्याआधी घरी काय बोलावं असं विचारलं, की मी आता हेच सुचवते. सातव्या-आठव्या महिन्यात तिला एकदा घरी बोलवा आणि घरातल्या मोठ्या बाईशी तिची गाठ घालून द्या. "तुमचं बाळंतपण कोणी कोणी केलं?" हा प्रश्न तेव्हाच विचारा. मग कुठली कामं कुणाची ते बोलायला सोपं जातं. डूला मालीशवाली नाही, जापावाली, म्हणजे बाळ-बाळंतिणीची सगळी कामं करणारी बाई, नाही, नर्सही नाही. ती पाजायला बसण्याची पद्धत दाखवेल, बाळाची पकड बघेल, आई झोपली असताना बाळाजवळ बसेल, बाबाला ढेकर काढायला आणि लंगोट बदलायला शिकवेल, ऐकून घेईल. औषध देणार नाही, निदान करणार नाही. आपल्याकडे डूलासाठी सरकारी परवाना वगैरे नाही, तेव्हा तिने कुठे शिकून घेतलं आणि ती काय करत नाही, हे आधी विचारा. डॉक्टरांकडे जाऊ नका किंवा लस देऊ नका असं सांगणारी असेल, तर त्याच दिवशी थांबवा.

जुन्या पद्धतींच्या मी विरोधात नाही, पण सगळंच डोळे झाकून घ्यायचं नाही. या घरात मध चाटवण्यावरून वाद पेटायच्या बेतात होता. डूलाताई वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकी, दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांनाच विचारू या का? तोवर थांबू." डॉक्टरांनी समजावलं, वर्षाच्या आत मध नको, त्यातल्या जंतूंनी क्वचित पण गंभीर आजार होतो. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. सासूबाईंनी मान्य केलं, कारण कुणी त्यांना अडाणी ठरवलं नव्हतं.

डूला सगळ्यांना परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सातवी बाई पैशांनीच मिळते असं नाही. समोरच्या दारातली शेजारीण, आत्या, ऑफिसातली दोन मुलांची आई. "बाळ बघायला या" ऐवजी "दुपारी तासभर माझ्याजवळ बसायला या" असं तिला म्हणून बघा. सरकारी योजनेत आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. तुमच्याकडे येत असतील तर त्यांना चहा देऊन वाटेला लावू नका. झोपेचं, रडण्याचंही सांगा.

एक गोष्ट मात्र कुठलीच डूला किंवा काकी एकटीने सांभाळू शकत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ओसरलं नाही, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, तर डॉक्टरांशी बोला. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटतेय, नसलेलं ऐकू येतंय किंवा दिसतंय, तर उद्याची वाट बघायची नाही. त्याच तासाला इस्पितळ गाठायचं. बोलायला कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही.

मुलुंडच्या घरात पुढे कामांची वाटणी झाली. रात्री दहा ते एक बाळाचं सगळं बाबाकडे, पाजण्यापुरतं आईकडे. सासूबाई दुपारी दार लावून दोन तास झोपायला लागल्या. पाजायच्या जागेपाशी स्टूल राहिलंच, आता बाटली सासूबाई भरून ठेवत. तिची झोप हळूहळू परतली. मधे दोन वाईट आठवडे आले, मग तेही गेले.

डूलाताईंच्या शेवटच्या दिवसाबद्दल तिने मला सांगितलं. त्या वसईच्या, ख्रिश्चन. सासूबाईंनी आदल्या दिवशी बाजारातून खण आणि नारळ आणला होता. सव्वा महिना झाला की सुईणीची ओटी भरून तिला लुगडं द्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. एक वाजता डूलाताई पर्स उचलून निघाल्या, तेव्हा सासूबाई तांदळाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या.

"तुमच्यात चालतं ना?" त्यांनी विचारलं.

डूलाताईंनी पर्स खाली ठेवली आणि ओढणीचा पदर पुढे धरला.