इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग: कॅप फेरीपासून शॉपफ्लोअरपर्यंत

प्रश्न: मुलीला कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीत प्रॉडक्शन इंजिनिअरिंग मिळते आहे. नातेवाईक म्हणतात, ही मेकॅनिकलची हलकी शाखा. इंडस्ट्रियल म्हणजे हेच का? आणि मुलींना कारखान्यात घेतात का? (पालक, नांदेड)

पहिले वर्ष सगळ्यांचे सारखेच. दुसऱ्या वर्षात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस हे विषय मेकॅनिकलच्या जोडीने येतात. वाट वेगळी होते ती तिसऱ्या वर्षी. मेकॅनिकलवाले हीट ट्रान्सफर आणि मशीन डिझाइनकडे वळतात, तर इकडे वर्क स्टडी (कामाची पद्धत आणि वेळ यांचा अभ्यास), ऑपरेशन्स रिसर्च (गणिताच्या आधारे निर्णय), क्वालिटी कंट्रोल, प्लँट लेआउट, एर्गोनॉमिक्स (शरीराला सोयीची कामाची मांडणी) सुरू होते. यंत्र कसे बनवायचे हा मेकॅनिकलचा प्रश्न. तीच यंत्रे आणि तीच माणसे असताना माल वेळेवर आणि कमी खर्चात कसा निघेल, हा इंडस्ट्रियलचा. यात संख्याशास्त्र भरपूर आहे, त्यामुळे ‘हलकी’ म्हणणाऱ्यांना एकदा क्यूइंग थिअरीचा, म्हणजे रांगांच्या गणिताचा, पेपर सोडवायला द्यावा.

महाराष्ट्रात निव्वळ ‘इंडस्ट्रियल’ नावाच्या जागा थोड्या आहेत. बहुतेक ठिकाणी हे विषय प्रॉडक्शनच्या अभ्यासक्रमातच असतात. मात्र पदवीवर शाखेचे नाव नेमके काय छापून येणार, हे प्रवेशापूर्वी विचारून घ्या. खासगी कंपन्या त्यावर अडत नाहीत. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत मात्र मेकॅनिकलच्या जागांसाठी कोणत्या शाखा चालतील याची यादी दिलेली असते आणि आपल्या शाखेचे नाव त्यात नसेल तर अर्ज छाननीतच बाद होतो. गेट परीक्षेत प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा वेगळा पेपर आहे, पण सरकारी कंपन्यांची भरती जास्त करून मेकॅनिकलच्या पेपरावर होते. म्हणून पेपर निवडण्याआधी दोन-तीन जुन्या जाहिराती वाचाव्यात.

मुलींना घेतात. हे काम बहुतांशी जनरल शिफ्टचे. तरी अधूनमधून दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत जाऊन नोंदी घ्याव्या लागतात, कारण साहेब घरी गेल्यावर लाइन कशी चालते तेही कळायला हवे.

प्रश्न: कॅम्पस मुलाखतीत विचारले, ‘एका असेंब्लीचा स्टँडर्ड टाइम काढून एका शिफ्टमध्ये किती नग होतील ते सांगा.’ सूत्र पाठ होते, तरी उत्तर चुकले. कुठे चुकते? (तृतीय वर्ष, पुणे)

स्टँडर्ड टाइम म्हणजे सामान्य गतीच्या कामगाराला, विश्रांती धरून, एका नगासाठी लागणारा वेळ. सूत्र सोपे आहे. चूक होते ती त्यात घालायच्या आकड्यांत. एक उदाहरण पूर्ण करू.

हाताने होणारी असेंब्ली घ्या. स्टॉपवॉचवरची सरासरी ४० सेकंद. कामगार सामान्य गतीपेक्षा चलाख आहे, म्हणून रेटिंग, म्हणजे सामान्य गतीच्या तुलनेत त्याचा वेग, ११० टक्के. नॉर्मल टाइम ४४ सेकंद झाला. थकवा, पाणी, नैसर्गिक विधी यांसाठी १५ टक्के अलाउन्स धरला की स्टँडर्ड टाइम ५०.६ सेकंद. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाची ३० मिनिटे वजा केली की ४५० मिनिटे, म्हणजे २७,००० सेकंद उरतात. भागाकार ५३३.६ येतो, म्हणून नग ५३३.

पहिली चूक, रेटिंग आणि अलाउन्स न लावता ४० सेकंदच पकडणे. तसे केले तर ६७५ नग निघतात आणि ते लक्ष्य रोज कोणीच गाठू शकत नाही. पुढे युनियनशी वाद होतो आणि त्यात युनियनचे म्हणणे बरोबर असते. दुसरी चूक मोठी आणि फार सर्रास: चहाची सुट्टी शिफ्टच्या वेळेतूनही वजा करायची आणि अलाउन्समध्येही धरायची. एकच मिनिट दोनदा कापले जाते. तिसरी, यंत्राच्या वेळेला रेटिंग लावणे. सीएनसीचा ऑटो सायकल १८ सेकंदांचा असेल तर कामगार कितीही चपळ असला तरी तो १८च राहणार. हाताचे काम आणि यंत्राचे काम हे वेगळे एलिमेंट म्हणून टिपायचे. रेटिंग फक्त हाताच्या कामाला.

मुलाखतीतला पुढचा प्रश्न बहुधा असा असतो: वाचने किती घेतली? ‘दहा’ हे उत्तर सवयीने येते, पण वाचनांतला फरक पाहिल्याशिवाय संख्या सांगता येत नाही. सरासरी ४० आणि प्रमाण विचलन ५ सेकंद असेल, तर ९५ टक्के खात्रीने पाच टक्क्यांच्या आत राहण्यासाठी १.९६ गुणिले ५ भागिले २ याचा वर्ग करायचा (१.९६ हा ९५ टक्के खात्रीचा आकडा, २ म्हणजे ४०चे पाच टक्के). तो २४.०१ येतो, म्हणजे २५ वाचने हवीत. विचलन दुप्पट झाले की वाचने चौपट लागतात. इतका फरक दिसला तर जास्त वाचने घेत बसण्यापूर्वी सुटे भाग सारखे येत आहेत का आणि ट्रे रोज त्याच जागी असतो का, ते बघा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

लाइन बॅलन्सिंग, म्हणजे काम स्टेशनांत सारखे वाटणे, हेही विचारतील. ग्राहकाला शिफ्टला ९०० नग हवेत, तर टाक्ट टाइम (दर नगामागे मिळणारा वेळ) २७,००० भागिले ९००, म्हणजे ३० सेकंद. एकूण काम १३२ सेकंदांचे असेल तर ४.४, म्हणून किमान पाच स्टेशने आणि कार्यक्षमता ८८ टक्के. कागदावर हे छान जमते. प्रत्यक्षात ३४ सेकंदांचे एखादे न तुटणारे काम निघते आणि सगळी लाइन तिथे अडते. ते काम दोन जणांना समांतर द्यायचे की फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारा साचा) बदलून चार-पाच सेकंद वाचवायचे, हे सांगता आले की मुलाखत निम्मी जिंकली.

प्रश्न: डिप्लोमा करून चाकणला चार वर्षे प्रॉडक्शन सुपरवायझर आहे. आयई (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग) विभागात जायचे आहे. कोणते सॉफ्टवेअर शिकू? (वाचक, राजगुरुनगर)

आधी एक्सेल. पिव्होट टेबल आणि पॅरेटो चार्ट (कारणे मोठ्यापासून लहान अशा क्रमाने दाखवणारा आलेख) हात न अडखळता जमले पाहिजेत. त्यानंतर संख्याशास्त्राचे मिनिटॅब आणि कंपनीत असेल तर सॅप या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील उत्पादनाचे मॉड्यूल. अरेना, फ्लेक्ससिमसारखी सिम्युलेशनची पॅकेजेस सगळ्यात शेवटी. क्लासवाले नेमके तिथूनच सुरू करतात, कारण ती पडद्यावर देखणी दिसतात.

वाहन उद्योगात कामाचा वेळ ठरवण्याची ‘मोस्ट’ पद्धत उपयोगी पडते. तिच्यात स्टॉपवॉच नसते. हालचालींना ठरलेली टीएमयू मूल्ये असतात आणि एक टीएमयू म्हणजे ०.०३६ सेकंद. लाइन उभी राहण्यापूर्वीच वेळेचा अंदाज येतो, म्हणून नव्या मॉडेलच्या वेळी तिला मागणी असते.

तुमच्याकडे एक भांडवल आधीच आहे, ते म्हणजे तुमच्याच लाइनचे थांबे. एका यंत्राचा महिन्याचा ओईई (यंत्राची एकूण परिणामकारकता) काढा. उपलब्धता ०.९०, कामगिरी ०.८५, गुणवत्ता ०.९८ असेल तर गुणाकार सुमारे ७५ टक्के. इथे एक गंमत होते. दोन-तीन मिनिटांचे थांबे लॉगबुकात कोणी लिहीत नाही. मग उपलब्धता चांगली दिसते, कामगिरी घसरते आणि मेंटेनन्सवाले म्हणतात यंत्र ठणठणीत आहे. आठवडाभर छोटे थांबे कारणासह टिपा आणि तोच तक्ता आयई प्रमुखांपुढे ठेवा. प्रमाणपत्रापेक्षा त्याचे वजन जास्त पडेल. पदवी हवी असेल तर नोकरदारांसाठीच्या अभियांत्रिकी तुकड्या काही महाविद्यालयांत आहेत. त्यांच्या अनुभवाच्या आणि अंतराच्या अटी आधी पाहून घ्या.

प्रश्न: कारखाना नको असेल तर? (वाचक, मडगाव)

गोदामे, रुग्णालये, विमानतळ, तयार कपड्यांचे उद्योग. भिवंडीच्या गोदामांत कोणता माल कोणत्या रॅकवर ठेवावा म्हणजे पिकरची (माल काढणाऱ्याची) पायपीट वाचेल, हे शुद्ध आयईचे काम. ओपीडीत तासाला ६० रुग्ण येतात आणि प्रत्येक जण सरासरी पाऊण तास थांबतो, तर लिटलच्या नियमाने (येण्याचा दर गुणिले थांबण्याचा वेळ) कोणत्याही वेळी सरासरी ४५ रुग्ण आत असतात. सोबत एकेक नातेवाईक धरला तर ९० माणसांची जागा हवी. तुमच्याकडे वेर्ण्याच्या औषध कंपन्या आहेतच, पण तो पुन्हा कारखाना झाला.

प्रश्न: पुढे एमबीए, एमटेक की परदेश? (अंतिम वर्ष, नाशिक)

पवईची निटी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग) ही १९६३ची संस्था याच विषयासाठी नावाजलेली. २०२३मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. एमबीएचा प्रवेश कॅटवर, आणि ऑपरेशन्स व सप्लाय चेनची तिची ओळख टिकून आहे. आयआयटी मुंबईतील इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्चचे एमटेक वेगळ्या प्रकृतीचे आहे. तिथे संभाव्यता, ऑप्टिमायझेशन आणि प्रोग्रॅमिंगच जास्त. शॉपफ्लोअरच्या ओढीने तिथे गेलात तर निराश व्हाल, डेटा सायन्सकडे वळायचे असेल तर ते उत्तम.

अमेरिकेत ही शाखा स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत असल्याने पदवीनंतर ओपीटीचे (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचे) १२ महिने आणि वाढीव २४ महिने काम करता येते. जर्मनीत अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन एकत्र शिकवणारी जुनी शाखा आहे. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रे पडताळल्याचे) प्रमाणपत्र लागते, त्याचा अर्ज विद्यापीठाच्या अर्जाच्या काही महिने आधी करा. अभ्यासक्रम इंग्रजीत मिळाला तरी कारखान्यातील कामगार आणि फोरमन जर्मनच बोलतात. जर्मन भाषेची बी-वन (मध्यम) पातळी गाठूनच विमानात बसलेले बरे, नाहीतर वेर्कश्टुडेंटच्या (शिकतानाच्या अर्धवेळ) नोकऱ्यांतही आयईचे काम हाती येत नाही.