घरचे मैदान, स्वतःचे मैदान, हक्काचे मैदान

प्रश्न असा आहे: जळगावकडच्या एका फुटबॉल क्लबची स्मरणिका निघते आहे. तीत ‘आमच्या होम स्टेडियमचा इतिहास’ असा लेख आहे. ‘होम’साठी ‘गृहमैदान’ चालेल का? आणि स्टेडियमला क्रीडांगण म्हणावे की क्रीडासंकुल?

‘गृहमैदान’ नको. क्रीडापानांवर ‘घरच्या मैदानावर’ केव्हाच रुळले आहे, तेच घ्यावे. मात्र घरचे म्हणजे स्वतःचे नव्हे. मैदान पालिकेचे, शाळेचे किंवा भुसावळसारख्या गावी रेल्वेचेही असू शकते. ‘स्वतःचे’ तेव्हाच लिहावे, जेव्हा जमिनीचा उतारा क्लबच्या नावावर असेल. ‘हक्काचे’ लिहायला निदान लेखी भाडेपट्टा हवा. नुसत्या वहिवाटीवर हा शब्द छापला की उद्या कोणीतरी कागद मागणार. कोल्हापुरात तर तालमींचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर भिडतात, तिथे ‘घरचे’ कोणाचे म्हणणार?

‘स्टेडियम’ मुळात ग्रीक, सहाशे ग्रीक फुटांचे अंतर. पुढे तेवढ्या अंतराची शर्यत आणि मग ती जिथे होई ती जागा, असा अर्थ सरकत गेला. मराठीत मात्र आपण बसायच्या पायऱ्या असल्याशिवाय स्टेडियम म्हणत नाही. नुसती मोकळी जागा मैदान, खेळासाठी आखून राखलेली ती क्रीडांगण, आणि धावपट्टी, इनडोअर हॉल वगैरे एकाच आवारात असतील तर क्रीडासंकुल. त्यामुळे एकच शब्द लेखभर ओढू नका. गॅलरी बांधण्याआधीचा सामना ‘स्टेडियमवर’ झाला असे लिहिणे चूकच.

‘स्टेडियमची स्थापना’ हीही नेहमीची गफलत. स्थापना क्लबची होते, स्टेडियम बांधले जाते. कोनशिलेवरचे साल बहुधा कामाच्या सुरुवातीचे असते. ते उद्घाटनाचे म्हणून छापले जाते आणि इतिहास दोन-चार वर्षांनी मागे सरकतो.

संस्थांची नावेही काळाप्रमाणे हवीत. 1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा त्यानंतरच्या जुन्या कागदांत जळगाव ‘पूर्व खानदेश’मध्ये शोधावे. त्याआधीच्या एकत्र खानदेशचे मुख्य ठाणे धुळे होते. जळगाव आणि धुळे या महापालिका झाल्या 2003 मध्ये. त्यापूर्वी दिलेली जागा ‘महापालिकेने दिली’ असे होत नाही, नगरपालिकेने दिली.

‘पूर्ण आकाराचे मैदान’ हे शब्द लिहिण्याआधी उताऱ्यावरचे क्षेत्र बघा. नियमातले किमान मैदान 90 × 45 मीटर, म्हणजे 4050 चौरस मीटर: सुमारे 40 गुंठे, एक एकर. त्यात फक्कीच्या रेषेबाहेर पाऊल ठेवायलाही जागा उरत नाही. 105 × 68 मीटरच्या मैदानाला आखणीच्या आतच 70 गुंठ्यांहून थोडी जास्त जागा लागते. उताऱ्यावर 35 गुंठे असतील, तर तिथे सेव्हन-ए-साइड, म्हणजे सात-सात जणांचे सामने, खेळत असतील, आणि तसेच लिहावे.

राहिले लेखन. ‘मैदान’चे सामान्यरूप होते, मैदानावर, ‘ग्राउंड’ आणि ‘स्टेडियम’चे होत नाही, म्हणून ग्राउंडवर, स्टेडियममध्ये. ‘क्रीडासंकुल’ सामासिक, एकत्र लिहावे. विशेषनामात पाटीवर ‘क्रीडा संकुल’ असे तोडलेले असेल, तर ते तसेच ठेवावे.